राक्षस कोणाचा?



निमंत्रणपत्रिकेवरचा विषय वाचून काहींना छपाईची चूक वाटली असेल. स्मृतिव्याख्यानाला कसा भारदस्त विषय हवा. लोकशाहीपुढची आव्हानं, संतविचारांची प्रस्तुतता, अगदीच काही नाही तर पर्यावरण. आणि इथे छापलंय : राक्षस, भुतं, चेटकिणी आणि त्यांचे छोटे दोस्त. चूक झालेली नाही. मला आज खरोखरच राक्षसांबद्दल बोलायचं आहे, आणि त्यातही हसवणाऱ्या राक्षसांबद्दल.

बालवाङ्मयात एक घराणं असं आहे की त्यात हसता हसता अंगावर काटा येतो, आणि काटा आलेला असतानाच हसू फुटतं. एक कोणीतरी असतो, माणसं खाणारा. एक पोर असतं, बहुधा एकटं. आणि दोघांचं भलतंच काहीतरी जमून जातं. या घराण्याचं नाव काढलं की मोठी माणसं नाक मुरडतात. 'मुलांच्या मनावर काय परिणाम होईल?' म्हणतात. प्रश्न रास्त आहे, मी तो टाळणार नाही. पण त्याच्या आधी मला दुसरा एक प्रश्न विचारायचा आहे. हा राक्षस कोणाचा? तो कोणाच्या ताब्यात आहे? मोठ्यांच्या, की मुलांच्या?

माझं आजचं म्हणणं एवढंच आहे. राक्षस मोठ्यांच्या ताब्यात असला की मुलं गप्प बसतात. तो मुलांच्या ताब्यात गेला की मुलं बोलायला लागतात. हे मी तीन पायऱ्यांनी मांडणार आहे : आधी भीती, मग हसू, मग मैत्री. आणि शेवटी ठाण्याकडे येणार आहे, कारण या गोष्टीतला एक महत्त्वाचा अंक याच शहरात घडला.

१. भीती

आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरात एक बागुलबुवा होता. तो दिसतो कसा, खातो काय, राहतो कुठे, हे कोणी सांगितलं नाही. त्याची कामं मात्र ठरलेली. न जेवणाऱ्याला जेवायला लावायचं, न झोपणाऱ्याला झोपवायचं, आणि पाहुण्यांसमोर हट्ट करणाऱ्याला गप्प करायचं. कायम रात्रपाळी, पगार शून्य. इतका आज्ञाधारक नोकर मराठी घराला दुसरा मिळालेला नाही.

कोकणात गेलात की धाक घालणाऱ्यांची यादी लांबत जाते. मुंजा, समंध, हडळ, जखीण, खवीस, गिऱ्हा, चकवा, ब्रह्मराक्षस. प्रत्येकाचं खातं वेगळं. मुंजा पिंपळावर राहणार, गिऱ्हा पाण्यात ओढणार, चकवा रात्रीची वाट चुकवणार. एकाने दुसऱ्याच्या कामात लुडबुड करायची नाही. महानगरपालिकेतसुद्धा इतकी चोख खातेवाटणी आढळत नाही.

पण या यादीकडे जरा नीट बघा. मुंजा कोण? मुंज झाली आणि लग्नाआधी जो गेला, तो मुलगा. हडळ कोण? अनेक गावांत सांगतात, बाळंतपणात गेलेली बाई. समंध कोण? ज्याच्या मागे क्रियाकर्म करणारं कोणी उरलं नाही, किंवा ज्याचा जीव इस्टेटीत अडकून राहिला, तो. म्हणजे ही सगळी आपलीच माणसं. ज्यांच्या दुःखाचा निकाल गावाने लावला नाही, ती गावाच्या वेशीवर उभी राहिली. आपल्या परंपरेतलं भूत परकं नव्हतंच. हा मुद्दा मनाशी ठेवा, मैत्रीची गोष्ट निघेल तेव्हा तो लागणार आहे.

मग आपण शहरात आलो. पिंपळ तुटले, विहिरी बुजल्या, मुंजाला राहायला जागा उरली नाही. घोडबंदर रोडचे भाव मुंजाला कुठले परवडायला? पण मुलं तर जेवायची होती, झोपायची होती. मग दाखवायचं कोणाला? आपण नवे बागुलबुवा नेमले. 'झोळीवाला घेऊन जाईल.' 'पोलिसाच्या ताब्यात देईन.' 'तो बघ, वेडा आला.' आणि ठाण्यात तर घरचीच सोय. इथलं मनोरुग्णालय १९०१ सालचं. कोणी जरा वेगळं वागलं की लोक म्हणतात, याला ठाण्याला पाठवा. आपण ठाणेकरही त्यावर हसतो. एका आजारी माणसाचा आपण बागुलबुवा केला, हे हसताना लक्षात येत नाही.

इथून पुढे गोष्ट विनोदी राहत नाही. बागुलबुवाला चेहरा नव्हता तोवर त्याने कोणाचं वाकडं केलं नाही. आपण त्याला चेहरा दिला, आणि तो दिला भंगार वेचणाऱ्याचा, भिक्षा मागणाऱ्याचा, तृतीयपंथीयाचा. १ जुलै २०१८ हा दिवस आठवा. धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. मंगळवेढ्याकडून आलेले, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण. भिक्षेवर जगणारी माणसं. मोबाइलवर अफवा फिरत होती, मुलं पळवणारी टोळी आली आहे. जमावाने पाचही जणांना ठार मारलं.

त्या जमावाने ज्याला मारलं तो कोण होता? अफवा मोबाइलवरून आली हे खरं. पण ती इतक्या झटकन पटली का? पिढ्यान् पिढ्या ज्या समाजाने आपल्या लेकरांना झोळीवाल्याचा धाक घातला, त्या समाजाला तो झोळीवाला रस्त्यात भेटला. राक्षस मोठ्यांच्या ताब्यात राहिला की तो कुठवर जाऊ शकतो, याचं याहून विदारक उदाहरण माझ्याजवळ नाही. मुलांच्या मनावर काय परिणाम होईल असं विचारणाऱ्यांनी आधी या परिणामाचा हिशेब द्यावा.

२. हसू

आता दुसरी पायरी. भ्यायलेलं मूल गप्प होतं. भ्यायलेलं आणि हसलेलं मूल काय करतं? ते म्हणतं, 'पुन्हा सांग.'

ही 'पुन्हा सांग'ची ताकद आपल्या जुन्या गोष्टींनी बरोबर ओळखली होती. बकासुर घ्या. एकचक्रा नगरीतलं एकेक घर त्याला पाळीपाळीने गाडाभर भात, दोन रेडे आणि एक माणूस पाठवतं. किती भयंकर व्यवस्था! आणि व्यवस्थाच म्हणायची, कारण त्यात वेळापत्रक आहे, पाळी आहे, तक्रार करायला जागा नाही. मग भीम जातो आणि काय करतो? लढतो? छे. तो बकासुरासमोर बसून त्याच्यासाठी आणलेला भात खायला लागतो. बकासुर मागून पाठीत गुद्दे घालतोय, आणि हा घास खाली ठेवायला तयार नाही. सगळं संपवून, पाणी पिऊन, मग उठतो. ही गोष्ट ऐकताना मूल लढाईची वाट बघत नाही. त्याला भीमाच्या जेवणातच रस असतो. का? कारण ज्याच्या भुकेला अख्खं गाव घाबरतं, त्याच्यासमोर कोणीतरी आपली भूक घेऊन निवांत बसलंय.

किंवा भोपळ्यातली म्हातारी घ्या. तिला वाटेत वाघ भेटतो, तो तिला खाणार असतो. ती ना रडते, ना पळते. ती म्हणते, मी आत्ता हाडाची काडं, लेकीकडे जाते, तूप-रोटी खाते, जाडजूड होऊन परत येते, मग खा. वाघाला हे पटतं! मंडळी, आपण ही गोष्ट तीन वर्षांच्या मुलांना सांगत आलो आहोत. स्वतःचं मरण मुदतीवर देणारी बाई आणि ती मुदत मान्य करणारा वाघ. याहून काळा विनोद आणखी कुठला असतो? पण कुठल्या आजीने ही गोष्ट सांगताना परिणामांची समिती नेमली नाही, आणि कुठलं मूल त्या गोष्टीने बिघडलं नाही.

एक खबरदारी मात्र घेतली पाहिजे. काळ्या विनोदाचे दोन प्रकार आहेत आणि ते बाहेरून सारखेच दिसतात. १८४४च्या नाताळात फ्रँकफर्टमधले एक डॉक्टर, हाइनरिख होफमान, आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठी पुस्तक शोधत होते. एकही पसंत पडेना, म्हणून त्यांनी स्वतःच लिहिलं आणि चित्रं काढली. पुढच्या वर्षी ते छापलं गेलं आणि 'स्ट्रुवेलपेटर' या नावाने जगभर गेलं. त्यात अंगठा चोखणाऱ्या मुलाचे अंगठे एक शिंपी भल्यामोठ्या कात्रीने छाटून टाकतो. सूप नको म्हणणारा मुलगा वाळून वाळून मरतो. हे सगळं यमकांत आणि गमतीत. पुढे हेच डॉक्टर फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख झाले, हे ठाणेकरांच्या माहितीसाठी.

आता विचारा, हे हसू कोणाचं? कात्री कोणाच्या बाजूची? ती आईच्या बाजूची आहे. म्हणजे हा बागुलबुवाच, फक्त त्याला चित्रकार चांगला मिळाला. भोपळ्यातल्या म्हातारीच्या गोष्टीत मूल वाघाला हसतं. होफमानच्या पुस्तकात मोठी माणसं मुलाला हसतात. काळ्या विनोदाची पारख करायची तर रक्त किती सांडलं हे मोजू नका. हसतंय कोण, तेवढं बघा.

मराठी पुस्तकांनी यातलं काय घेतलं? छापील मराठी बालसाहित्याच्या अगदी आरंभी सदाशिव काशीनाथ छत्रे हे नाव येतं. १८२८ साली त्यांचं 'बाळमित्र' निघालं, इसापच्या नीतिकथाही त्यांनीच मराठीत आणल्या, आणि त्याच सुमारास वेताळपंचविशीही त्यांच्याच लेखणीतून उतरली. म्हणजे नीती आणि वेताळ एकाच दौतीतले. पण शाळेने दोघांतून नीती निवडली. पुढची शंभर-सव्वाशे वर्षं छापील गोष्टीच्या शेवटी तात्पर्य आलं, आणि तात्पर्य आलं की राक्षसाला पहिल्याच पानावर कळतं की आपण मरणार आहोत. असा राक्षस जीव ओतून काम करेल कसा?

वेताळ घरोघरी परत आला तो 'चांदोबा'बरोबर, १९५२ सालापासून. आणि मराठीत या घराण्याचं अस्सल पुस्तक आलं १९८१मध्ये. लिहिलं कोणी? विंदा करंदीकरांनी. पुढे ज्ञानपीठ मिळवलेल्या कवीने मुलांसाठी एक अख्खी भुतावळ लिहिली : 'पिशीमावशी आणि तिची भुतावळ'. या पिशीमावशीबद्दल मला सगळ्यांत आवडते ती गोष्ट म्हणजे तिला पत्ता आहे. मसणवटीच्या बाजूला जायचं, भुतांचा पिंपळ लागेल, त्याच्या पुढे तिचं घर. बागुलबुवा तुमच्याकडे येतो, केव्हाही, न सांगता. पिशीमावशी आपल्या घरी बसून आहे. जायचं की नाही, हे मुलाने ठरवायचं. शिवाय ती मावशी आहे. आईच्या नात्यातली बाई स्मशानाजवळ राहते, भुतं पाळते, आणि तरी तिच्याकडे जावंसं वाटतं. विंदांनी राक्षसाची मालकी किती सहज मुलाच्या नावावर करून दिली! पत्ता देऊन टाकला, बस्स.

३. मैत्री

तिसरी पायरी अवघड आहे. राक्षसाला हसणं एक वेळ जमेल. त्याच्याशी दोस्ती?

आपल्याकडे या दोस्तीचं सर्वांत जुनं चित्र सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. स्मशान, हातात तलवार घेतलेला राजा, आणि त्याच्या खांद्यावर प्रेत. 'चांदोबा'साठी ते चित्रकार शंकर यांनी काढलं, आणि वाचकांच्या कित्येक पिढ्या त्या चित्रावर वाढल्या. विक्रम-वेताळाचं नातं काय? राजा त्याला पकडून नेतोय, तो निसटतोय, राजा पुन्हा आणतोय. वाटेत तो गोष्टी सांगतो, कोडी घालतो, उत्तर माहीत असून गप्प बसलास तर डोक्याची शकलं होतील म्हणून दमही भरतो. आणि शेवटी हाच वेताळ राजाला सावध करतो की ज्या योग्यासाठी तू मला नेतोयस, तो तुझाच बळी देणार आहे. तो साष्टांग नमस्कार घालायला सांगेल, तेव्हा म्हण, मी राजा, मला नमस्कार घालता येत नाही, तुम्हीच करून दाखवा. योगी वाकला की तलवार चालव.

बघा बरं. साधुवेशातला माणूस घातकी निघाला आणि प्रेतात शिरलेला वेताळ मित्र निघाला. पण ही मैत्री गोडीगुलाबीने झाली नाही. एकमेकांचा भार वाहून, एकमेकांना छळून झाली.

या वेताळाला आपण देवळातही बसवलंय. वेंगुर्ल्याजवळ आरवलीला वेतोबा आहे. जयवंत दळवींचं हे गाव. वेतोबाला लोक केळ्यांचा घड वाहतात आणि चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. कशासाठी? तो रात्री गावाची राखण करत फिरतो, त्याच्या चपला झिजतात, अशी श्रद्धा आहे. ज्याला पायताण लागतं तो आपल्यासारखाच दमणारा, हे कोकणी माणसाने ओळखलं. भुतांच्या राजाची भीती तर वाटतेच, पण त्याच्या पायांची काळजीही वाटते. मुलांच्या गोष्टीतली राक्षसाशी मैत्री याच जागी सुरू होते. पोराला कळतं की याला भूक लागते, याला झोप येते, याच्याशी बोलायला कोणी नाही.

परदेशी लेखकांनीही हेच केलं. मॉरिस सेंडाक या अमेरिकी चित्रकाराचं १९६३चं रानटी प्राण्यांचं पुस्तक जगभर गाजलं. ते प्राणी कोणावरून सुचले हे त्याने स्वतः सांगितलंय. रविवारी घरी जेवायला येणारे काका-मामा-आत्या! मोठाले दात, गालगुच्चे, आणि 'किती गोड, खाऊन टाकू का?' असं लाडाने विचारणं. आपल्याकडच्या लग्नकार्यात जाणाऱ्या कुठल्याही मुलाला हा राक्षस ओळखीचा वाटेल. सेंडाकच्या गोष्टीतला मुलगा त्या प्राण्यांचा राजा होतो, हुंदडतो, आणि घरी निघतो तेव्हा ते म्हणतात, जाऊ नकोस, आम्ही तुला खाऊन टाकू, इतका तू आवडतोस. तो नाही म्हणतो आणि जातो. प्रेम आणि भूक यांची सीमारेषा किती बारीक असते हे मुलांना कळतं. आपणच ते विसरतो.

रोआल्ड डालची १९८२ची गोष्ट याहून सरळ आहे. एक अनाथ मुलगी आणि एक महाकाय. हा महाकाय माणसं खात नाही, चव अगदी किळसवाणी असलेली एक काकडी खाऊन राहतो आणि स्वप्नं गोळा करतो. पण लेखकाची हुशारी पुढे आहे. त्याच्याच देशात आणखी नऊ महाकाय आहेत, आणि ते रोज रात्री माणसं खायला बाहेर पडतात. एक मित्र झाला म्हणून बाकीचे नऊ सुधारत नाहीत. त्यांचा बंदोबस्त वेगळा करावा लागतो.

या घराण्याचा खरा नियम हाच. राक्षस मित्र झाला तरी राक्षसच राहिला पाहिजे. त्याची भूक खोटी ठरली, त्याचे दात रबरी निघाले, की मैत्रीला किंमत राहत नाही. हल्ली बाजारात गुबगुबीत, गुलाबी, डोळे मिचकावणारे राक्षस भरपूर मिळतात. त्यांच्याशी मैत्री करायला धैर्य लागत नाही. ती फक्त खरेदी असते. मुलाला हे लगेच कळतं. दोन दिवसांत ते खेळणं पलंगाखाली जातं, आणि पलंगाखाली आधीपासून राहणारा जो असतो, तोच मुलाला जास्त महत्त्वाचा वाटतो.

विषयांतर होतंय, पण ठाण्यात बोलतोय म्हणून सांगतो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्याला आली. बैल नाहीत, घोडे नाहीत, नुसता धूर आणि किंकाळी. लोक म्हणत यात भुताटकी आहे, पुलाच्या पायात मुलं पुरतात अशीही वदंता होती, असं सांगतात. त्या लोखंडी राक्षसाशी आपण केव्हाच दोस्ती केली. तो रोज सकाळी आपल्याला डोंबिवलीला गिळतो आणि सीएसएमटीला बाहेर टाकतो. पण तो मवाळ झालाय असं इथे बसलेलं कोणी म्हणेल? दारात लटकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे की हा मित्र माणसं खातो. ज्याच्यावाचून चालत नाही आणि ज्याच्यापासून सावध राहावं लागतं, अशा मित्राबरोबर जगणं आपण रोज करतो. मग मुलांच्या गोष्टीत तो आला की आपल्याला इतका धक्का का बसतो?

४. ठाण्याचा अंक

पुस्तकांनी राक्षसाला तात्पर्यात कोंडलं तेव्हा त्याला जागा कोणी दिली? मराठी रंगभूमीने. आणि त्याही आधी लोकांच्या उत्सवांनी.

आज पालघर जिल्ह्यात असलेले जव्हार-मोखाडा २०१४पर्यंत आपल्या ठाणे जिल्ह्यातच होते. तिथे बोहाडा होतो. रात्रभर संबळाच्या तालावर, उजेडात-अंधारात, देवादिकांची आणि राक्षसांची सोंगं नाचतात. गणपती येतो, सरस्वती येते, तसा रावण येतो, त्राटिका येते. कोणतं सोंग कोणी घ्यायचं हे घराण्यांकडे परंपरेने चालत आलेलं असतं. आता त्या गावातल्या मुलाचा विचार करा. अंगावर धावून येणारा रावण बघून ते किंचाळतं, आजीच्या पदरात शिरतं. आणि त्याला हेही माहीत असतं की मुखवट्याच्या आत आपला मामा आहे. भीती पूर्ण खरी, आणि ओळखही पूर्ण खरी. कधीतरी हा मुखवटा आपल्याच घरात कोणाच्या तरी तोंडावर चढणार, हेही ते जाणून असतं. राक्षसाची मालकी मुलाकडे जाते म्हणजे काय होतं, ते बोहाड्यात उघड दिसतं.

शहरात ही सोय १९५९ साली झाली. सुधा करमरकरांनी 'बालरंगभूमी' उभी केली आणि पहिलं नाटक केलं 'मधुमंजिरी'. त्यातली चेटकीण त्या स्वतः झाल्या. लेखक होता जेमतेम विशीचा तरुण, रत्नाकर मतकरी. मराठी व्यावसायिक बालरंगभूमीच्या पायाशीच एक चेटकीण आहे, ही मला फार शुभ गोष्ट वाटते. १९६२मध्ये मतकरींनी स्वतःची 'बालनाट्य' ही संस्था काढली. पुढची नाटकांची नावंच ऐका : 'निम्मा शिम्मा राक्षस', 'राक्षसराज झिंदाबाद', 'अलबत्या गलबत्या'. त्या 'अलबत्या गलबत्या'मधली चिंची चेटकीण जुन्या संचात दिलीप प्रभावळकरांनी केली, आणि २०१८मध्ये नाटक नव्याने आलं तेव्हा वैभव मांगलेंनी. आजोबांनी जिला बघून किंकाळी फोडली, तिलाच बघून नातू किंकाळी फोडतो, अशी माणसं मराठीत किती आहेत?

बालनाट्याच्या प्रयोगाला एकदा मागच्या रांगेत बसून बघा. चेटकीण दबकत येते. नायक पाठमोरा आहे. आणि सगळं नाट्यगृह ओरडतं, 'मागे बघ, मागे!' चेटकीण प्रेक्षकांकडे वळते, दात विचकते, गप्प बसा म्हणून दरडावते. गप्प कोण बसतंय! ती जितकं दरडावते तितका आवाज वाढतो. घरी बागुलबुवाचं नाव काढताच मान खाली घालणारी हीच मुलं. फरक कुठे पडला? इथे राक्षसीण त्यांच्या समोर आहे, तिच्याशी बोलता येतं, आणि तिला उलट उत्तर दिलं तर शेजारी बसलेली आई हसते.

मतकरींचा दुसरा हात गूढकथा लिहीत होता, हे विसरू नका. महाराष्ट्राची झोप ज्यांनी उडवली त्या लेखकांत त्यांचं नाव पहिल्या दोन-तिघांत घ्यावं लागेल. भीती कशी रचतात हे ज्याला नेमकं ठाऊक होतं, तोच माणूस मुलांना भीतीशी खेळायला शिकवत होता. भीतीची कारागिरी न कळणाऱ्या लेखकाने मुलांसाठी राक्षस लिहायला जाऊ नये. तो बिचारा नुसता लठ्ठ निघतो.

आणि आता ठाणे. आयुष्याच्या अखेरच्या काही वर्षांत, २०१४च्या सुमारास, मतकरींनी ठाण्यातल्या समता विचार प्रसारक संस्थेला बरोबर घेऊन 'वंचितांचा रंगमंच' सुरू केला. इथल्या लोकवस्त्यांतली मुलं. कल्पना अशी की मुलांनी आपले विषय आपणच शोधायचे, नाटिका आपणच रचायच्या, आणि सादर करायच्या. भपकेदार नेपथ्य नको, महागडे पोशाख नकोत. त्यातून 'नाट्यजल्लोष' उभा राहिला.

ज्याने पन्नासहून अधिक वर्षं मुलांसाठी राक्षस घडवले, तो शेवटी मुलांना म्हणाला, आता तुमचे तुम्ही आणा. या कामाकडे मी असं बघतो. वस्तीतल्या मुलाला राक्षस कल्पनेतून आणावा लागत नाही. संध्याकाळी दारू पिऊन घरी येणारी सावली, नळाला न येणारं पाणी, कधीही पडू शकणारं घर, मधेच सुटणारी शाळा. हे राक्षस त्याच्या घरात राहतात, आणि त्यांतले काही तर त्याच्या प्रेमाची माणसं आहेत. अशा मुलाला 'राक्षसाला मारा' असं सांगून भागत नाही. बापाला मारणार कसं? त्याला त्या राक्षसाबरोबर राहून, त्याला ओळखून, त्याची नक्कल करून, त्याच्यावर हसून, जमलंच तर त्यातला माणूस बाहेर काढून दाखवायचा असतो. रंगमंचावर उभं राहून जो मुलगा दारुड्या बापाची झोकांडी हुबेहूब करतो आणि सगळ्यांना हसवतो, त्याच्या हातात त्या क्षणी तो राक्षस असतो. घरी गेल्यावर परिस्थिती बदललेली नसेल. पण ज्याबद्दल तो गप्प होता, त्याबद्दल आता तो बोललेला असतो.

मतकरी १७ मे २०२० रोजी गेले, करोनाच्या साथीत. आपण सगळे घरात कोंडलेले, बाहेर न दिसणारा राक्षस. त्या काळात मुलांना खऱ्या अर्थाने कळणारं असं साहित्य आपण किती दिलं, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावं.

थोडक्यात

वेळ संपत आली आहे. सारांश सांगतो आणि तीन विनवण्या करतो.

सारांश असा. भीती मुलांना आपण आधीच दिलेली आहे. ती देऊ की नको हा प्रश्नच उरलेला नाही. हसू त्या भीतीला तोंड देण्याची जागा तयार करतं, फक्त ते मुलाचं हसू असलं पाहिजे. आणि मैत्री म्हणजे राक्षसाचे दात उपटणं नाही. दात आहेत हे ठाऊक असताना त्याच्या शेजारी बसणं म्हणजे मैत्री. आपल्यासारखं नसलेल्या माणसाबरोबर एका इमारतीत, एका डब्यात, एका देशात राहायला जे लागतं, ते नेमकं हेच.

पहिली विनवणी पालकांना. 'झोळीवाला येईल' हे वाक्य आजपासून बंद करा. धाकच घालायचा असेल तर अस्सल राक्षसाचा घाला, तो निदान कोणाचा बाप किंवा भाऊ नसतो. आणि मुलाने विचारलं की तो राक्षस राहतो कुठे, खातो काय, तर उत्तर द्यायची तयारी ठेवा. तिथून गोष्ट सुरू होते.

दुसरी विनवणी ग्रंथपालांना. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं. वाचनाची इतकी जुनी पुण्याई फार थोड्या शहरांकडे असेल. बालविभागात एक कपाट फक्त राक्षसांचं, भुतांचं, चेटकिणींचं करा. ते कपाट मुलांच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर ठेवा. कोणत्याही पुस्तकावर 'संस्कारक्षम' असा शिक्का मारू नका, नाहीतर राक्षस कपाटातून पळून जातील.

तिसरी विनवणी लेखकांना. कोकणातल्या पिंपळाखाली किती दिवस बसणार? पारसिकचा बोगदा १९१६ सालचा आहे, सव्वा किलोमीटरहून लांब. २०२२पर्यंत जलद लोकल त्यातूनच जायच्या; गाडी आत शिरली की डब्यातली मुलं एका सुरात ओरडायची, आणि बाहेर पडल्यावर एकमेकांकडे बघून हसायची. गेली शंभर वर्षं तिथे कोणी राहत नसेल, असं वाटतं तुम्हाला? त्याला अजून कोणी लिहिलेलं नाही. कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याशी खाडीतून वर येणारा कोणीतरी असेल. पस्तिसाव्या मजल्यावर अडकलेला, खिडकीतून पिंपळ शोधणारा एखादा मुंजा असेल. एकटा असेल, भुकेला असेल, आणि कुठलं तरी एकटं पोर त्याला भेटायचं बाकी असेल. त्यांची गाठ घालून द्या. राक्षसांना गोष्टीत घर मिळालं नाही तर ते शेजाऱ्याच्या चेहऱ्यावर जाऊन बसतात, आणि मग काय होतं ते आपण राईनपाड्यात पाहिलं आहे.

एवढं बोलून थांबतो. प्रश्नोत्तरांसाठी दहा मिनिटं राखून ठेवली आहेत असं अध्यक्षांनी सांगितलंय. माझी अट एकच आहे : पहिले तीन प्रश्न सभागृहातल्या मुलांचे. मोठ्यांनी तोवर गप्प बसावं. नाहीतर बागुलबुवा येईल.